धार कुणी काढली?

सरांच्या घराला कुलूप एकच होतं, पण ते लागलं आहे याची खात्री त्यांना आयुष्यात कधी झाली नाही. कुलूप लावायचे, ओढून बघायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि तिथून माघारी यायचे. पुन्हा ओढायचे. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडायच्या, "सर, लागलंय की हो! मी बघितलंय." त्यावर सर थांबून अगदी गंभीरपणे विचारायचे, "तुम्ही बघितलंत की तुम्हाला वाटतंय?" मग काकूही गप्प व्हायच्या. असं विचारल्यावर कुणाचाही धीर सुटतो.

कोल्हापुरात अशा माणसाचं कठीण आहे. हे गाव मुळात छातीठोक. रस्सा कुठला चांगला, कुस्तीत कोण पडणार, पाऊस कधी उघडणार, कशावरही विचारा, समोरचा 'शंभर टक्के' म्हणूनच सुरुवात करतो. पत्ता ठाऊक नसला तरी हात वर करून दाखवतो, "सरळ जावा पावणं, म्होरं कुणालाबी इचारा." अशा गावात सर जन्मले, वाढले, हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि कशालाही कधी शंभर टक्के म्हणाले नाहीत. मलकापूरच्या गाडीला हातभर पाटी लावलेली असली तरी ते आधी खाली उभ्या असलेल्या माणसाला विचारणार, मग कंडक्टरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईला. एकदा कंडक्टर वैतागला. "सर, पाटी वाचाय येत न्हाय व्हय?" सर म्हणाले, "मला येते हो वाचता. ड्रायव्हरनं वाचलीय का ते विचारतोय."

मी त्यांना पोटभर हसून घेतलं आहे, समोर आणि मागे. आता हसू येत नाही. आता अवेळी फोन वाजला की उचलायच्या आधी मी नाव दोनदा वाचते, आणि हे भय मी सरांकडून घेतलं, की ते माझं आधीपासूनचंच होतं आणि सरांनी फक्त दाखवून दिलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात नव्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बघते. आमच्याकडे सिस्टर बहुतेक केरळच्या. कामाला वाघ, पण इथल्या पेशंटचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं, आणि नुसतं बोलणंच नाही. म्हातारी बाई नवऱ्याचं नाव विचारल्यावर मान खाली का घालते, सासूला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सून का देते, सकाळपासून उपाशी असलेला माणूस "जेवलो की" असं का सांगतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार? तक्रारी वाढल्या. मग आमच्या डायरेक्टरसाहेबांनी फर्मान काढलं, की प्रत्येक सिस्टरला इथली माणसं किती कळतात ते मोजा. शंभरपैकी आकडा द्या. वरच्या तपासणीला आकडा लागतो.

भाषा एक वेळ मोजता येते. शब्द किती येतात ते विचारलं की झालं. माणसं किती कळतात ते कसं मोजायचं? खेड्यापाड्यातल्या माणसांची हुबेहूब नक्कल करतात म्हणून कुणीतरी सरांचं नाव सुचवलं आणि मी त्यांच्या घरी गेले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, हे मोजता येणार नाही."

"मग साहेबांना नाही म्हणून सांगू?"

"तसंही नका सांगू. मोजता येणार नाही हे तरी मला कुठं नक्की माहीत आहे?" आणि पुढच्या आठवड्यापासून पिशवी घेऊन हजर झाले.

पिशवीत धोतर आणि टोपी असायची. सरांची परीक्षा लेखी नव्हती. ते स्वतः पेशंट व्हायचे. आमच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पडद्यामागे जाऊन धोतर नेसायचे, टोपी घालायचे आणि बाहेर यायचे ते शाहूवाडीकडचा कुणी म्हातारा होऊनच. चालणं बदलायचं, आवाज बदलायचा, स्टुलावर बसताना "आय आय गं" करायचे. कधी डोक्यावरून पदर घेऊन सासू व्हायचे आणि सिस्टरला घाम फोडायचे. माझी हसून पुरेवाट व्हायची. पण परीक्षा संपून टोपी काढली की चेहरा उतरलेला असायचा. पेन्सिलीनं गुण लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. म्हणायचे, "हिला मी पास केलं आणि उद्या हिच्यापुढं खरा म्हातारा बसला, तर?"

त्यांचा सगळ्यात जास्त राग एका चित्रावर होता. दुखणं मोजायचं चित्र प्रत्येक वॉर्डात भिंतीवर असतं. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका, खाली एक ते दहा आकडे. सिस्टरनं विचारायचं, किती दुखतंय, आणि पेशंटनं आकडा सांगायचा. एकदा डोंगराकडच्या एका आजोबांना सिस्टरनं ते दाखवलं तर त्यांनी निरखून बघितलं आणि विचारलं, "कुणाची पोरं ही?" आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. "ताई, आपल्याकडच्या शेतकऱ्याला एक ते दहा विचारलं तर तो काय सांगेल?"

"दोन," मी म्हणाले. माझे वडील शेतकरी. मला विचार करायची गरज नव्हती.

"हात तुटून लोंबत असला तर?"

"तीन."

"मग हे कसलं मोजमाप?" सर म्हणाले. "दहा म्हणायची त्याला लाज वाटते. बायकोसमोर, सुनेसमोर, गाववाल्यांसमोर तो दहा म्हणेल का? मरेल, पण म्हणणार नाही."

आणि मग त्यांनी स्वतःचा उपाय काढला. दुखतंय का हे विचारायचंच नाही. विचारायचं, "आज धार कुणी काढली?" ज्याच्या दावणीला म्हैस आहे तो माणूस तापानं फणफणला तरी धारेला बसतो, कारण म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. त्यानं धार दुसऱ्यावर सोपवली असेल तर समजायचं, की दुखणं मोठं आहे, मग तोंडानं तो काहीही म्हणू दे. मला हे एकदम पटलं. सिस्टरांनीही घोकून ठेवलं. वॉर्डातून जाताना मल्याळी हेलात "आबा, धार कोणी काडली?" ऐकू यायला लागलं, आणि खरंच दोन-चार लपलेली दुखणी त्या प्रश्नानं बाहेर आली. डॉक्टर लोक सरांना मान द्यायला लागले. सर मात्र खूश दिसायचे नाहीत. "चालतंय अजून तरी," एवढंच म्हणायचे.

एकदा दुपारी डबा खाताना मी त्यांना छेडलं. "सर, एवढं कशाला भ्यायचं? लहानपणी बागुलबुवा दाखवला होता की काय कुणी?"

ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. मग सांगितलं. थोरला भाऊ पैलवान होता. एका संध्याकाळी तालमीतून आला आणि आडवा झाला. उगं चमक भरलीया म्हणाला. आई म्हणाली, डॉक्टरांना बोलवू या. सर म्हणाले, कशाला, मी ओळखतो दादाला, त्याला काही झालेलं नाही. एका अंथरुणावर झोपणारे भाऊ ते, आईनं ऐकलं. सकाळी दादा उठला नाही.

"तुम्ही केवढे होता सर?"

"खात्री वाटण्याइतका मोठा होतो," सर म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. ते घट्ट बसलंय का ते दोनदा बघितलं.

त्या दिवसापासून मला माझ्या वडिलांची काळजी लागली. आबा आमच्या गावी, बिद्रीच्या अलीकडे, माझ्या भावाकडे, दाद्याकडे राहतात. दोन म्हशी, थोडा ऊस. आई गेल्यापासून ते आणि म्हशी. मी उचगावातल्या माझ्या घरून रोज सकाळी फोन करायला लागले. कसे आहात विचारण्यात अर्थ नव्हता, "बरं हाय की" हे उत्तर ठरलेलं. म्हणून मी विचारायची, "आबा, धार कुणी काढली?"

"म्याच की."

"नक्की?"

"आगं, मी न्हाय तर काय सरपंच येनार हाय? रोज रोज काय इचारतीस? म्हसरं इकायची हाईत व्हय?"

मला तेवढं पुरायचं. आबा धारेला बसले म्हणजे आबा धड आहेत, आजचा दिवस गेला. मी निवांत कामाला लागायची. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्या प्रश्नावर एवढा भरवसा ठेवू नका ताई." मी म्हणाले, "तुमचाच प्रश्न ना?" "म्हणूनच म्हणतोय."

आमच्याकडे लिंटा नावाची एक सिस्टर होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची, कमी बोलणारी. सरांच्या परीक्षेत ती दोन वेळा नापास झाली होती आणि तिसऱ्यांदा झाली असती तर साहेब तिला परत पाठवणार होते. तिला मराठी येईना आणि माणसंही कळेनात. दुसऱ्या वेळी सर धोतर नेसून तिच्यापुढे बसले, "उगं जरा चमक भरलीया बाय" म्हणाले, तर तिनं धारेचं विचारलंच नाही. सरळ दंडाला पट्टा गुंडाळला आणि रक्तदाब मोजला. सर भडकले. "तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही. यंत्राकडे बघितलंत." ती घाबरून हिंदीत म्हणाली, "सर, लेकिन आपका बीपी सच में बहुत ज्यादा है." सगळा हॉल हसला. सरांनी टोपी काढली आणि त्या यंत्राकडे नुसते बघत राहिले. तिला नापास केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः गोळी सुरू केली.

तिची तिसरी परीक्षा होती त्या दिवशी दुपारी कडक ऊन होतं. सर पडद्यामागे धोतर नेसायच्या तयारीत होते आणि हॉलच्या दारात आबा उभे. हातात स्टीलचा डबा, खांद्यावर टॉवेल, घामाघूम.

"आबा! असं मधीच का आलासा?"

"का म्हंजी? म्हस व्यालीया परवा. चीक आनलाय तुला." आबा खुर्चीवर बसले. "पैला चीक लेकीच्या घरी जायाचा. तुझी आज्जी म्हनायची."

"मग फोन करायचा की. दाद्या आला असता गाडीवरनं."

"त्याला कामं हाईत. यष्टीनं आलो, स्टँडावरनं चालत आलो. काय लांब हाय?"

ते सारखे टॉवेलनं मान पुसत होते. मी म्हणाले ऊन लागलंय, आणि पाणी दिलं. सर पडद्यामागून बाहेर आले, आबांना बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. इतका फुललेला मी पूर्वी बघितला नव्हता. "अहो, खरा माणूस आल्यावर माझं सोंग कशाला? आबा, आमच्या या मुलीची परीक्षा आहे. तुम्ही पेशंट व्हाल का?"

आबांना गंमत वाटली. "व्हतो की! काय करायचं?"

"काही नाही. ती विचारेल त्याची उत्तरं द्यायची."

आबा स्टुलावर बसले. समोर लिंटा, बाजूला सर वही घेऊन, मागे आम्ही आठ-दहाजण. लिंटानं विचारलं, "आबा, कसं वाटतं?"

"बरं हाय की."

"दुकतं का? एक ते दहा?"

"आसंल दोन." सगळे हसले. आबाही हसले. त्यांना वाटलं आपण नाटक चांगलं करतोय, आणि आम्हालाही तसंच वाटलं.

मग लिंटानं पाठ केलेला प्रश्न विचारला. "आबा, धार कोणी काडली?"

"म्याच की! ताजी व्यालेली म्हस हाय, दुसऱ्याला जवळ हुबं ऱ्हाऊ देत न्हाय. लाथ घालती." आबांनी छाती पुढं काढली. "फाटंचं उठून काडली."

सरांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "बघा! तोंडानं दोन म्हणाले तेव्हा शंका होती. पण धार काढून, एवढा प्रवास करून आलेला माणूस. ठणठणीत आहे! लिंटा, तुम्ही पास. उत्तम विचारलंत." आणि वहीत लिहायला मान खाली घातली.

मी टाळ्या वाजवत होते. रोज सकाळी फोनवर ऐकायचे ते उत्तर मी आज डोळ्यांनी बघितलं होतं. मला इतकं बरं वाटलं होतं, की आजही ते बरं वाटणं आठवलं तर अंगावर काटा येतो.

लिंटा उठली नाही. तिनं आबांचा हात धरला होता आणि तो सोडतच नव्हती. "सर, हात थंडा है."

"अहो, आत्ता पाणी प्यायलेत ते. परीक्षा संपली. तुम्ही पास आहात."

"नाही सर." तिनं आबांच्या कपाळाला हात लावला, मग मानेला. "ईसीजी काढते."

"मला काय धाड भरलीया?" आबा म्हणाले. "सोड बाय, नाटक झालं न्हवं?"

तिनं सोडलं नाही. दारातल्या वॉर्डबॉयला व्हीलचेअर आणायला ओरडून सांगितलं. त्या कमी बोलणाऱ्या पोरीचा तो आवाज ऐकून सगळे हसायचे थांबले. आबा माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलावं, ह्या पोरीला आवरावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ओठांचा रंग गेला होता.

हृदयविकाराचा झटका होता आणि तो पहाटेपासून चालू होता. डॉक्टरांनी घाईघाईनं आत नेलं, मांडीतून नळी घातली, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "वेळेवर आलात. अजून थोडा उशीर..." आणि पुढचं वाक्य गिळलं. त्यांनी ते बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं. ते अर्धं वाक्य मी अजून पुरं करत असते.

आबा आत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं होतो. मी लिंटाला विचारलं, "तुला कसं कळलं?" ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मॅडम, मला कळलं नाही. आबा काय बोलले, मला नाही समजलं. तुम्ही सगळे हसले. मी काय करू? म्हणून हात धरला."

सरांनी हे ऐकून हातातली वही मिटली. "मी मनात 'नक्की' म्हणालो ताई. टाळी वाजवली तेव्हा म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मी त्यांना काय सांगणार? मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तो डबा. तुमच्यासाठी नव्हता तो."

"म्हणजे?"

"त्यांना पहाटेच कळलं असणार. दवाखान्यात जातो म्हणून कसं निघतील? हातात काहीतरी हवं होतं. लेकीला चीक द्यायला निघालोय म्हटलं की कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही. ते स्वतःला घेऊन आले होते आणि आम्ही त्यांचं नाटक केलं."

मला रडू फुटलं. ते इतकं खरं वाटलं, की पुढं आबा घरी आल्यावर मी धीर करून त्यांना विचारलं. आबा म्हणाले, "छ्या! काय खुळ्यागत बोलतीस? म्हस व्याली म्हनून आल्तो." चेहऱ्यावर काही हललं नाही. सर बरोबर होते की आबा खरं सांगत होते, हे मला आजही माहीत नाही.

साहेबांना आकडे हवेच होते. सरांनी जाऊन सांगितलं, की या परीक्षेला काही अर्थ नाही, जिला समजलं नाही तिनं माणूस वाचवला आणि ज्यांना सगळं समजतं ते टाळ्या वाजवत होते. साहेब म्हणाले, "सर, ते ठीक आहे, पण सोमवारपर्यंत आकडा द्या." सरांनी सगळ्या सिस्टरांना सारखे पासष्ट गुण दिले. यादीच्या तळाला स्वतःचं नाव लिहून त्याच्यापुढंही पासष्ट लिहिले. साहेबांनी ते बघितलं नाही. तपासणीवाले खूश झाले. लिंटा राहिली. सर मात्र परत आले नाहीत.

मला वाटलं माणूस खचला. तर एका रविवारी आबांचा फोन, "तुजं सर आल्यात हितं. चा पाजला. पर काय काम हाय ते सांगंनात."

सर तीन माणसांना विचारून बिद्रीच्या गाडीत बसले होते आणि फाट्यावर उतरून चालत गोठ्यापर्यंत गेले होते. मग दर रविवारी जायला लागले. एकदा मीही होते. आबा दावणीपाशी, सर उलट्या घमेल्यावर, आणि शिकवणी चाललेली.

"म्हणा आबा. मला दुखतंय."

"दुखत न्हाय तर कशाला म्हनू?"

"दुखेल तेव्हा म्हणता यावं म्हणून. आत्ता नुसतं म्हणा."

"बाळंतीन हाय व्हय मी, आई गं म्हनायला? ताकद हाय अजून, हे बघा." आबा दंड दाखवायचे. म्हैस मान वळवून दोघांकडे बघायची.

मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "कशाला दगडावर डोकं आपटताय?" सर म्हणाले, "सिस्टरांना शिकवून बघितलं. त्यांनी ओळखायचं, आपण लपवायचं, हा खेळ कधीतरी चुकणारच. आता लपवणाऱ्याला शिकवून बघतो." पण दुखतंय हा शब्द आबांच्या तोंडून काही निघेना. तेव्हा सरांनी धडा बदलला. "बरं, दुखतंय राहू दे. किती दुखतंय हे कुणालाच धड सांगता येत नाही. भ्या वाटतंय एवढं म्हणा. भीती वाटली की ज्याची त्याला कळतेच. त्यात चूक व्हायला जागा नाही."

"भ्या?" आबा एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या गोठ्यातला माणूस डोकावला. "सर, तुमास्नी लागंल की भ्या. मला कशाचं?"

सर म्हणाले, "मला वाटतं. रोज वाटतं," आणि आबांच्या बरोबर हसायला लागले. मीही हसले.

धडा पुढं सरकला नाही, पण दोस्ती झाली. सर जाताना त्यांच्या पिशवीत दुधाची बाटली असायची आणि आबा रविवारी सकाळपासून रस्त्याकडे बघायचे.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी मी सरांना फोन केला. आवाज ओढल्यासारखा लागला. मी विचारलं, "सर, बरं आहे ना?" "बरं आहे." "भीती वाटतेय का?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना केला. ते हसले. "छे छे. मला कसली भीती? रविवारी गाठ पडेल." मला राहवेना. मी शेजारच्या काकूंना फोन करून जरा डोकावायला सांगितलं. काकू गेल्या. सरांनी दारातच त्यांची चेष्टा केली, जेवलोय म्हणाले, बरं आहे म्हणाले आणि दार लावून घेतलं. काकूंनी मला कळवलं, "ठणठणीत आहेत गं."

सकाळी दार उघडलं नाही म्हणून काकूंनी माणसं जमवली. सर खुर्चीत बसलेले होते. डॉक्टर म्हणाले हृदयच. आदल्या दिवसापासून त्रास होत असणार. सर तेव्हा काय म्हणाले हे मला माहीत आहे, काकूंना माहीत आहे. आम्ही दोघींनी विचारलं होतं. याहून जास्त काय करायला हवं होतं, याचा विचार मी रोज करते.

आबांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. मी गाडी घेऊन गावी गेले. ते गोठ्यात होते. सांगितलं. वैरणीची पेंढी त्यांनी हातातच धरून ठेवली.

"कशानं?"

"हृदय बंद पडलं."

"दुकत हुतं त्यास्नी?"

"बरं आहे म्हणाले होते, आबा. मला पण आणि काकूंना पण."

आबांनी पेंढी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मला भ्या वाटतंय."

"छातीत दुखतंय? घाम? चक्कर?"

"म्हायती न्हाय."

मी त्यांचा हात धरला. गरम होता. पण मी त्या हातावर विश्वास ठेवला नाही. म्हणाले, "आबा, दवाखान्यात जाऊ या." मला वाटलं नेहमीसारखे अंगावर येतील. त्यांनी मुकाट्यानं पेंढी ठेवली, चप्पल घातली, कशासाठी म्हणून विचारलं नाही, हातात काही घेतलं नाही आणि गाडीत येऊन बसले. त्यांचं ते ऐकणं बघून मला जास्तच भीती वाटली.

उसाच्या रानातून रस्ता सरळ होता. लिंटाला फोन करून ठेवला होता. आबा समोर बघत बसले होते. मग म्हणाले, "तुला न्हाय वाटत भ्या?"

"वाटतंय की आबा. रोज सकाळी वाटतंय. तुमचा फोन लागेस्तवर वाटतंय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "मग सांगायचं न्हाय व्हय कधी? मला वाटलं, तू म्हसरांचीच इचारपूस करतीस."

मला पुढचा रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली.